ग्राफिक्सच्या स्लायडरांची कुळकथा

बेळगावजवळच्या सांब्रा विमानतळावरून उडून उत्तरेचा रस्ता धरला, की छोट्या सेसना विमानाला निपाणी गाठायला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. खाली महामार्ग, डाव्या हाताला सह्याद्रीची रांग, उजवीकडे हिडकल धरणाचं पाणी. वाटेत हत्तरगी लागतं. तिथल्या एक्वसच्या कारखान्यांत खऱ्या विमानांचे सुटे भाग घडतात. पुढे संकेश्वर, मग तवंदीचा घाट आणि घाटाखाली निपाणीची तंबाखूची शेतं. घरच्या संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये हा सगळा प्रवास सुरळीत होतो. गडबड होते ती परतताना. समोर शहर, वर पावसाळी ढग, विमान जमिनीलगत आलेलं आणि नेमकं तेव्हाच चित्र अडखळायला लागतं.

मग खेळणारा सेटिंगचा पडदा उघडतो. जमिनीचा तपशील, इमारती-झाडांची दाटी, ढगांचा दर्जा, टेक्श्चर, अँटी-अलायझिंग. एकेक स्लायडर मागेपुढे करून पाहिला जातो. या यादीतली बरीचशी नावं पिढ्यान्‌पिढ्यांच्या सिम्युलेटरांनी आणि त्यांच्यासाठी झटणाऱ्या संशोधकांनी घडवली आहेत. त्या सगळ्यांना अडचण एकच होती: चित्र साधं असलं तरी चालेल, उशिरा आलेलं चालणार नाही.

सिम्युलेटरचा पूर्वज मात्र या काळजीतून मुक्त होता, कारण त्याला चित्रच नव्हतं. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानोचा कारखाना होता. पेटीच्या भात्यासारखे हवेचे भाते वापरून लिंक यांनी १९२९ मध्ये एक लाकडी विमान तयार केलं. दांडा हलवला की ते जागच्या जागी कलायचं, वळायचं. शिकाऊ वैमानिकाच्या डोक्यावर झाकण बसे आणि त्यानं फक्त काटे बघून उडायचं. १९३४ मध्ये अमेरिकी लष्करानं अशी सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक या यंत्रावर तयार झाले. सांब्र्याचा विमानतळही त्याच युद्धातला: १९४२ मध्ये रॉयल एअर फोर्सनं तो बांधला आणि प्रशिक्षणासाठी वापरला. हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र तिथे आजही आहे.

खिडकीबाहेरचं जग दाखवायचं ठरलं तेव्हा पहिला उपाय कारागिरीचा निघाला. भल्यामोठ्या फळीवर गावं, शेतं, धावपट्टी यांची छोटी प्रतिकृती उभारायची, तिच्यावरून टीव्ही कॅमेरा फिरवायचा आणि त्याचं चित्र वैमानिकापुढे दाखवायचं. दृश्य हुबेहूब दिसे, पण फळी संपली की जग संपे.

दरम्यान एमआयटीमध्ये १९४४ पासून अमेरिकी नौदलासाठी सिम्युलेटरचा एक प्रकल्प सुरू झाला होता. वैमानिकानं दांडा ओढल्याबरोबर उत्तर मिळायला हवं, म्हणून जे फॉरेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हर्लविंड’ हा संगणक हाती घेतला. सिम्युलेटरचा बेत पुढे मागे पडला, संगणक मात्र १९५१ मध्ये चालू झाला. विचारलेल्याचं उत्तर त्याच क्षणी देणाऱ्या सुरुवातीच्या संगणकांत त्याची गणना होते. उड्डाणाच्या निकडीतून संगणकाला वेळेची शिस्त लागली ती अशी.

संगणकानं काढलेली चित्रं विमान कंपन्यांच्या सिम्युलेटरमध्ये १९७० च्या दशकात आली, तीही आधी रात्रीची. कारण उघड आहे. रात्री धावपट्टी म्हणजे काळ्या पडद्यावरचे दिव्यांचे ठिपके. घरं नाहीत, झाडं नाहीत, सावल्या नाहीत. यंत्राची ताकद ओळखून दृश्यच कमी करण्याचा हा व्यवहार, आणि आजचा खेळणारा स्लायडर मागे ओढतो तेव्हा तोच व्यवहार करत असतो.

दिवस उजाडला तो मुख्यतः युटा विद्यापीठाच्या परिसरात. १९६८ मध्ये स्थापन झालेली इव्हान्स अँड सदरलँड ही तिथलीच कंपनी पुढे सिम्युलेटरच्या चित्रयंत्रणांसाठी नावाजली गेली. १९७४ मध्ये एड कॅटमुल यांनी पृष्ठभागावर चित्र चिकटवण्याची रीत मांडली. टेक्श्चरचा स्लायडर हा तिचा वंशज. तिरप्या रेषांना दिसणारे करवतीचे दाते कसे घालवायचे, यावर फ्रँक क्रो यांनी १९७६ मध्ये प्रबंध लिहिला. अँटी-अलायझिंगचं मूळ तिथे सापडतं. त्याच वर्षी युटाचेच जेम्स क्लार्क यांनी सुचवलं, की एकाच वस्तूची बारीक आणि ढोबळ अशी अनेक रूपं ठेवावीत आणि ती डोळ्यांपासून जितकी लांब तितकं ढोबळ रूप दाखवावं. सेटिंगमध्ये ‘लेव्हल ऑफ डिटेल’ म्हणून दिसते ती हीच कल्पना.

हे सगळं कोट्यवधींच्या यंत्रांवर चाललं होतं. ते घरी आणलं ब्रूस आर्टविक यांनी. इलिनॉय विद्यापीठात १९७५ मध्ये त्यांनी उड्डाणाच्या चित्रांवर प्रबंध लिहिला आणि १९७९ च्या सुमारास ॲपल टू संगणकासाठी फ्लाइट सिम्युलेटर काढला. नुसत्या रेषांचं जग आणि सेकंदाला मोजक्या फ्रेम, तरी लोक त्यात रमले. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो आयबीएम पीसीवर आणला. १९९३ च्या पाचव्या आवृत्तीत जमिनीवर टेक्श्चर आलं.

२००६ ची एफएसएक्स आवृत्ती आली तेव्हा मात्र सेटिंगचा जणू संसारच सुरू झाला. तिचा बहुतेक भार प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर पडे, त्यामुळे महागडं ग्राफिक्स कार्ड घालूनही चित्र अडकायचं. अनेक गाभ्यांचा उपयोग २००७ च्या दुरुस्तीनंतर होऊ लागला. लोक सेटिंगच्या फाइलमध्ये शिरून एकेक ओळ बदलायचे, विमान उडवून बघायचे, पुन्हा बदलायचे.

२०२० ची मायक्रोसॉफ्टची आवृत्ती पृथ्वीची हवाई छायाचित्रं इंटरनेटवरून खेचते. साठा दोन पेटाबाइटहून मोठा. पण दुखणं जुनंच राहिलं, म्हणून निदानही जुन्याच प्रश्नापासून सुरू होतं: उशीर कोण करतंय? डेव्हलपर मोडमधला फ्रेमचा फलक ते थेट सांगतो. ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ दिसलं, तर प्रोसेसर दमलाय. जमिनीचा तपशील २०० वरून १०० वर आणावा, विमानतळावरची वाहनं आणि इतर विमानांची गर्दी कमी करावी, कॉकपिटमधल्या डिजिटल पडद्यांचा वेग उतरवावा. ‘लिमिटेड बाय जीपीयू’ दिसलं, तर दोष कार्डाकडे. तेव्हा ढग ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’वर घ्यावेत आणि रेंडर स्केलिंग खाली आणावं. कार्ड दमलेलं असताना जमिनीचा तपशील कमी करून फारसं काही हाती लागत नाही.

फ्रेम तीसवर बांधली, तर एका चित्राला ३३ मिलिसेकंद मिळतात. साठचा हट्ट धरला तर १७ सुद्धा नाहीत. पडदा साठ हर्ट्‌झचा असेल आणि साठ गाठणं जमत नसेल, तर कधी पन्नास, कधी अठ्ठावीस अशा हिंदकळण्यापेक्षा ठाम तीस डोळ्याला सुखाचे वाटतात. शिवाय सेटिंग लावायचं ते जड ठिकाणी. सांब्र्याच्या मोकळ्या माळावर छान चाललेलं गणित मुंबईच्या इमारतींवरून उतरताना कोलमडतं.

ऑस्टिन मेयर यांच्या एक्स-प्लेनमध्ये या शिस्तीचं टोक दिसतं. फ्रेम साधारण विसाच्या खाली घसरली, तर तो सिम्युलेटर आपलं घड्याळच हळू करतो, म्हणजे उड्डाणाचं गणित बिघडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या २०२४ च्या आवृत्तीत तर फ्रेमचं लक्ष्य ठरवून दिलं, की तपशील कमी-जास्त करण्याचं काम यंत्र स्वतःच बघतं. क्लार्क यांनी १९७६ मध्ये मांडलेली निवड आता उड्डाण चालू असतानाच, आपोआप होते. खेळणाऱ्यानं ठरवायचं उरतं ते एवढंच: आधी काय सोडायचं, ढगांचे थर की लांबचे डोंगर.