कलमाचा चाकू : एका घट्ट पट्टीची गोष्ट

१/ मराठीत 'कलम' या शब्दाला तीन घरे आहेत. लेखणी म्हणजे कलम, कायद्यातील तरतूद म्हणजे कलम, आणि रत्नागिरीत हापूसचे झाड म्हणजे तर कलमच. "त्यांची दोनशे कलमे आहेत" असे कोणी म्हटले, तर बोलणे वकिलाचे नसून बागायतदाराचे आहे, हे कोकणात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बोरू. अरबी-फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. लेखणी आणि झाड या दोन कलमांना जोडणारे हत्यार एकच : खिशात मावणारा, मिटणारा चाकू.

२/ मिटणारे पाते फार जुने आहे. रोमन काळातील नमुने उपलब्ध आहेत. परंतु त्या चाकूंत पात्याला धरून ठेवणारे काही नसे. एक खीळ, तिच्याभोवती फिरणारे पाते, आणि मुठीचे घर्षण, एवढाच कारभार. कोकणातल्या आडकित्त्याची रचना या बाबतीत त्याच जातीची. खीळ सैल झाली की हातोडीचा एक हलका ठोका, घट्ट झाली की तेलाचा थेंब.

३/ सतराव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्ड हे चाकूंचे माहेरघर बनले. तेथील कारागिरांचा संघ १६२४ साली कायद्याने स्थापन झाला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात मुठीच्या पाठीत पोलादी पट्टी बसवण्याची युक्ती रूढ झाली. ही पट्टी पात्याच्या बुडावर सतत दाब देते. पाते उघडू लागले की बुडाचा कोपरा पट्टीला वर उचलतो. पाते पूर्ण उघडले की पट्टी बुडाच्या सपाट भागावर 'खट्' करून बसते. मिटतानाही हेच. कळ नाही, कुलूप नाही, केवळ दाब.

४/ (येथे एक गल्लत टाळली पाहिजे. बटण दाबताच उघडणारा 'रामपुरी' हा खटक्याचा चाकू वेगळा. त्यातील कळ पाते अडकवून ठेवते. या चाकूतील पट्टी पाते अडकवत नाही, फक्त त्याला मिटण्यास नाखूश करते.)

५/ या चाकूचे पहिले मोठे गिऱ्हाईक म्हणजे लेखनिक. युरोपात पिसाची लेखणी तासायची, आपल्याकडे बोरू. बोरूचे टोक तिरपे छाटून त्याला 'कत' द्यायचा, मध्ये बारीक चीर पाडायची, आणि लिहून टोक बोथट झाले की पुन्हा तेच. लेखणी तासणाऱ्या चाकूला फारसीत नावच 'कलमतराश'. एकोणिसाव्या शतकात पोलादी निबांचे टाक आले आणि लेखनिकाच्या हातातून हा चाकू हळूहळू सुटला. रत्नागिरीत मात्र त्याला दुसरे कलम मिळाले.

६/ कलमे बांधण्याची पद्धत पोर्तुगीज अमदानीत गोव्यात रुजली आणि हापूस तिच्या आधारे उत्तरेकडे सरकला. जुनी रीत 'भेट कलमा'ची. कुंडीतले रायवळ रोप मातृवृक्षाच्या फांदीपाशी न्यायचे, दोघांची साल एकेका बाजूने तासायची, जखमा एकमेकींना भिडवून बांधायच्या आणि दोन-तीन महिने वाट पाहायची. काम संथ, चाकूचे घाव मोजके.

७/ पुढे 'कोय कलम' आले आणि चाकूचा दिनक्रमच पालटला. १९७२ साली दापोलीत स्थापन झालेल्या कोकणातील कृषी विद्यापीठाने ही पद्धत प्रसृत केली. कोयीतून नुकतेच उगवलेले, तांबूस पानांचे दोन आठवड्यांचे रोप घ्यायचे, शेंडा छाटून खोडात उभा काप द्यायचा, हापूसच्या काडीला पाचरीचा आकार देऊन ती त्यात बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधायचे. १९९० च्या सुमारास रोजगार हमी योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि रोपवाटिकांकडे कलमांची मागणी धो धो वाढली.

८/ हे काम मुख्यतः जुलै-ऑगस्टमधले, कारण हवेत दमटपणा हवा. रत्नागिरीचा पाऊस वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक. जो दमटपणा कलमाला जगवतो, तोच चाकूला मारतो. कलमाच्या चाकूचे पाते बहुधा साध्या कार्बन पोलादाचे, कारण त्याला दाढीच्या वस्तऱ्यासारखी धार लागते. शेफील्डच्या हॅरी ब्रियर्लीचे १९१३ चे न गंजणारे पोलाद जुन्या कारागिरांना या कामासाठी फारसे रुचले नाही. खिळीभोवती गंज धरतो, त्यात आंब्याचा चीक सुकतो, आणि आधीच घट्ट असलेली पट्टी हटूनच बसते. ओल्या हाताने खाचेत नख अडकवून पाते ओढावे, तर नख तुटते. किंवा पाते एकदम सुटते आणि बोट कापले जाते.

९/ मग हा चाकू सैल करावा कसा? इतिहासाने दिलेली उत्तरे अनेक आहेत आणि सर्व सारखी शहाणपणाची नाहीत.

सर्वांत जुने उत्तर स्वच्छतेचे. रॉकेलमध्ये सांधा भिजवून गंज आणि चीक काढावा, मग शिलाई यंत्राचे पातळ तेल सोडून पाते कित्येकदा उघडमीट करावे. खोबरेल कोकणात हाताशी असते, पण सांध्यात ते पुढे चिकट होते, आणि सुमारे २४ अंशांखाली तर थिजतेच. बहुतेक 'घट्ट' चाकूंचा आजार मुळात एवढाच असतो.

दुसरे उत्तर कारागिराचे : पट्टी आणि पात्याचे बूड जिथे घासतात, ते पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करणे. शेफील्डचे कारागीर चाकूची 'चाल' आणि त्याचा 'बोल' पारखत. पाते अडखळता कामा नये, पण शेवटचा 'खट्' ऐकू आलाच पाहिजे.

१०/ तिसरे उत्तर मोहाचे : पट्टीच घासून पातळ करणे. येथे गणित निर्दय आहे. पट्टीचा ताठरपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी १० टक्के कमी केली, तर ताठरपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. २० टक्के कमी केली, तर जवळजवळ निम्मा उरतो. शिवाय घासताना पोलाद फार तापले, तर धातूचे पाणीच उतरते आणि पट्टी पुन्हा मूळपदावर येत नाही.

११/ आणि या चाकूत पट्टी हीच एकमेव राखणदार आहे. काडीला पाचर करताना धारेवरचा दाब पाते उघडेच ठेवतो, तेव्हा धोका कमी. परंतु खोडाच्या कापात रुतलेले पाते हलवून मागे काढताना जोर पात्याच्या पाठीवर येतो. पट्टी दुबळी असेल, तर पाते त्याच क्षणी बोटांवर मिटते. घट्टपणा हा चाकूचा दोष वाटतो, पण ती त्याची बांधणीच आहे.

१२/ म्हणूनच चौथे उत्तर सर्वांत देखणे ठरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी कारखान्यांनी पट्टीला हातही लावला नाही. त्यांनी मुठीच्या कडेला अर्धचंद्राकृती खाच कापली. तिच्यामुळे मिटलेल्या पात्याचा भाग उघडा पडतो आणि नखाऐवजी अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत ते धरता येते. दाब तोच, पण पकड दसपट सोयीची. थंडीने बधिर झालेल्या बोटांना, हातमोज्यांना आणि ओल्या हातांनाही ती चालते. मुठीचे लाकूड थोडे कमी होते, एवढीच किंमत. मात्र खाच पात्याच्या धारेपर्यंत खोल गेली, तर खिशातच घात होतो.

१३/ रत्नागिरीच्या माणसाला कमरेचे हत्यार नवे नव्हते. कमरेच्या आकडीला अडकवलेला कोयता तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे; त्याला ना सांधा, ना पट्टी, ना कसली तक्रार. मिटणारा चाकू आला तो बारीक कामासाठी. आता अनेक रोपवाटिकांत त्याचीही जागा दाढीच्या ब्लेडने घेतली आहे. धार गेली की ब्लेड फेकायचे आणि दुसरे घ्यायचे. त्याला उघडावे लागत नाही आणि मिटताही येत नाही.