अठरा पूर्ण झाली, आता पुढे काय?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.

दहावी-बारावीचा निकाल लागला की पेपरात एक चौकट हमखास येते, 'दिव्यांग विद्यार्थ्याचं घवघवीत यश'. फोटोत पेढा, आई-वडील, मुख्याध्यापक. छान वाटतं. पण तोच मुलगा पाच वर्षांनी काय करतोय, याची चौकट कधी वाचलीय का? बहुतेक वेळा तो घराच्या ओट्यावर बसलेला असतो. शाळेचं काम संपलेलं असतं, सरकारच्या कागदावर तो 'शिक्षित' असतो, आणि आई शेजारणीला विचारत असते, "आमच्या माघारी ह्याचं कसं व्हायचं?"

हा प्रश्न आजचा नाही. त्याला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या महाराष्ट्रातच घडलाय.

आपल्याकडे शाळा लवकर आल्या. मूकबधिर मुलांची देशातली पहिली शाळा १८८५ साली मुंबईत माझगावला सुरू झाली असं मानतात. १९०२ मध्ये मुंबईतच अंध मुलांसाठी व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा उभी राहिली. १९३४ मध्ये पुण्यात डॉ. शंकरराव माचवे यांच्या पुढाकाराने अंधशाळा निघाली. १९४४ मध्ये वकील या पारशी दांपत्याने मतिमंद मुलांसाठी (तेव्हाचा शब्द हाच) शाळा काढली, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला कुठली शाळा घेत नव्हती. तीच आजची जय वकील शाळा. यातलं जवळजवळ सगळं मिशनरी, दानशूर लोक आणि पालकांनी उभं केलं. सरकार मागून आलं, तेही अनुदानापुरतं.

पण शाळा म्हणजे सांभाळ आणि अक्षरओळख. कमावतं करण्याचा विचार पद्धतशीरपणे पहिल्यांदा कुणासाठी झाला, ठाऊक आहे? मुलांसाठी नाही. सैनिकांसाठी.

पहिल्या महायुद्धातून हात-पाय गमावलेले हिंदी शिपाई परत येऊ लागले, तेव्हा १९१७ मध्ये लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत क्वीन मेरी तंत्रशाळा सुरू झाली. पुढे ती पुण्याजवळ खडकीला गेली. आजही ती तिथे आहे. जखमी शिपायाला नुसती पेन्शन देऊन घरी पाठवायचं नाही, त्याच्या हाताला कसब द्यायचं, ही कल्पना. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या हिंदी सैनिकांसाठी १९४३ मध्ये डेहराडूनला सेंट डन्स्टन्स केंद्र निघालं. त्याचे प्रमुख सर क्लुथा मॅकेन्झी स्वतः पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला अंध झालेले. १९५० मध्ये हेच केंद्र भारत सरकारने घेतलं आणि तिथे प्रौढ अंधांचं प्रशिक्षण केंद्र झालं.

यातलं मर्म बघा. सैनिकाच्या बाबतीत कुणी विचारलं नाही की 'हा बिचारा काय काम करणार?' तो कालपर्यंत काम करत होता, घर चालवत होता, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून त्याला शिकवायचं ते पुन्हा उभं राहण्यासाठी. जन्मतः अंध किंवा बहिऱ्या मुलाला मात्र आपण उभं राहिलेलं कधी पाहिलेलंच नसतं. म्हणून त्याच्याकडून अपेक्षाही ठेवत नाही. सगळा फरक इथे पडतो.

आपले मुरलीकांत पेटकर घ्या. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात ईएमईमध्ये होते, बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचं अपंगत्व आलं. उपचाराचा भाग म्हणून पोहायला लागले, आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. देशाचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. सिनेमा आला म्हणून हे आता सगळ्यांना माहीत झालंय. पण त्यांच्या मागे काय काय होतं? लष्कराचं रुग्णालय होतं, क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेची मदत होती, पुढे पुण्यात टेल्कोची नोकरी होती. जिद्द त्यांचीच. पण जिद्दीला टेकू लागतो, आणि तो त्यांना वेळेवर मिळाला.

आता शाळांकडे येऊ. शाळांनीही हातकाम शिकवलं. वेताच्या खुर्च्या विणणं, खडू, मेणबत्त्या, हातमाग, मुलींना शिवणकाम. ज्यांच्या घरी जुन्या वेताच्या खुर्च्या होत्या त्यांना आठवत असेल, बैठक फाटली की अंधशाळेत विणायला जायची. त्या काळात हे खरंच पोटापाण्याचं काम होतं. मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. वेत गेला.

मग टेलिफोन ऑपरेटरचं काम आलं. बँका, सरकारी कार्यालयं, कारखाने, सगळीकडे स्विचबोर्डवर अंध ऑपरेटर उत्तम काम करत. यंत्रणा आपोआप जोडणी करू लागली, ती जागाही आटली. मग एसटीडी-पीसीओचे बूथ. आपल्या एसटी स्टँडवर, तहसीलसमोर, दवाखान्याच्या दारात ते पिवळे बूथ आठवतात ना? कितीतरी अपंग बांधवांचे संसार त्यावर उभे राहिले. मोबाइल आला आणि पाच-सात वर्षांत सगळे बूथ बंद. त्या माणसांचं पुढे काय झालं, कुणी मोजलं नाही.

प्रत्येक वेळी आपण एक धंदा ठरवून दिला आणि म्हणालो, 'हा तुमच्यासाठी.' धंदा मेला की माणूस पुन्हा ओट्यावर. बाकीच्या मुलांना आपण बदलत्या जगासाठी शिकवतो, या मुलांना एकाच खुर्चीसाठी.

कायद्याचा प्रवासही थोडक्यात सांगतो. १९५९ मध्ये मुंबईत अपंगांसाठी वेगळं रोजगार विनिमय केंद्र निघालं. १९७७ मध्ये केंद्राने खालच्या दोन वर्गांच्या नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या. १९९५ चा कायदा आला आणि हे आरक्षण कायद्यात बसलं. तरी जागा भरल्या जात नव्हत्या. शेवटी अंधांच्या राष्ट्रीय संघटनेच्या लढ्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की टक्का एकूण पदांवर मोजा, पळवाटा काढू नका. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले, आरक्षण ४ टक्के केलं, उच्च शिक्षणात ५ टक्के जागा दिल्या.

म्हणजे कायद्याने शेवटच्या पायरीवर खुर्ची ठेवली. पण जिना? मोफत शिक्षणाचा हक्क वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत. नोकरीचं आरक्षण परीक्षा पास होणाऱ्याला. मधल्या वर्षांत त्या मुलाला शाळेतून कामापर्यंत नेणार कोण, याचं नेमकं उत्तर कुणाकडेच नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, आपल्या राज्यात २९ लाखांहून जास्त. देशातल्या त्या सगळ्यांमध्ये काम करणारे साधारण ३६ टक्के.

अमेरिकेने १९९० च्या कायद्यात एक साधी गोष्ट केली. मूल १६ वर्षांचं होईपर्यंत शाळेनेच त्याच्या पुढच्या आयुष्याची योजना लेखी करायची. शाळेनंतर काय शिकणार, कुठलं काम करणार, कुठे आणि कसं राहणार. तिथेही सगळं आलबेल नाही. पण जबाबदारी कुणाची, हे कागदावर आहे. आपल्याकडे ती फक्त आईची आहे.

आणि तयारी म्हणजे नुसता धंदा नव्हे. एकट्याने एसटीत बसता येणं, सुटे पैसे मोजून घेणं, एटीएम वापरणं, गॅस पेटवून चहा करणं, डॉक्टरला स्वतःचं दुखणं सांगणं, नको असलेल्या स्पर्शाला नाही म्हणणं, मतदान करणं. हे घरात शिकवायला आपण घाबरतो. 'राहू दे, मी करते' हे वाक्य मायेचं असतं, पण रोज बोललं की मुलाचे हात बांधतं. एका बँकेत मी स्वतः बघितलंय, पदवीधर अंध मुलगी खातं उघडायला आली, तर साहेब तिच्याशी न बोलता सोबतच्या भावाला विचारत होते, "हिला सही येते का?" उत्तर तिनेच दिलं. सही करून.

मग आपल्या तालुक्यात काय करता येईल? चार गोष्टी सुचतात.

एक, आपल्या विशेष शाळेने आणि ज्या साध्या शाळांत अशी मुलं आहेत त्यांनी, नववीपासूनच प्रत्येक मुलाची पुढची योजना पालकांसोबत बसून लिहावी. मुलालाही बसवावं, त्याच्याबद्दलच चाललंय सगळं.

दोन, ग्रामपंचायत आणि नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत विचारा, तो कशावर गेला? एकदा पैसे वाटून मोकळं होण्याऐवजी प्रशिक्षण, मोबाइलवरचं स्क्रीन रीडर, कर्णबधिर तरुणांसाठी दुभाषा, यावर काही खर्च होऊ शकतो का?

तीन, एमआयडीसीतले उद्योजक, दुकानदार, प्रेसवाले, गॅरेजवाले. सुट्टीत दोन महिने एका मुलाला सोबत ठेवा. उपकार म्हणून नको. काम सांगा, चुकला तर बोला, पैसे द्या.

चार, बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या पालकांनी १८ पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालकत्वाची गरज आहे का, हे वेळीच बघावं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करता येतो. बऱ्याच पालकांना हे बँकेत अडल्यावरच कळतं.

१९१७ मध्ये पारतंत्र्यातल्या सरकारलाही कळलं होतं की पाय गेलेल्या माणसाचे हात शाबूत आहेत. आज तर आपलंच राज्य आहे, २०२२ पासून दिव्यांगांसाठी वेगळा विभागही आहे. आता त्या विभागाचं काम तालुक्याच्या गावात दिसायला हवं.

तुमच्या गल्लीत, गावात असा कुणी मुलगा-मुलगी असेल, १५-१६ वर्षांचा, तर कमेंटमध्ये नाव लिहू नका. त्याच्या घरी जा. आणि त्यालाच विचारा, "तुला काय काम करायला आवडेल?" त्याला हा प्रश्न बहुधा पहिल्यांदाच कुणी विचारला असेल.