कडीचा डबा

एडिसनच्या ओक ट्री रोडवर कधी एकावर एक कप्पे रचलेला, वर कडी असलेला स्टीलचा डबा दिसला, तर हातात घेऊन पाहा. वरच्या कप्प्याचा तळ हेच खालच्याचं झाकण. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सगळे कप्पे आवळून धरतात. आपल्या फ्रीजमधले प्लास्टिकचे डबेही एकावर एक बसतात. पण वरचा उचलला की खालचे तिथेच राहतात.

१८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचवायला सुरुवात केली. पुढे मावळ-जुन्नरकडच्या माणसांनी हे काम वाढवलं. त्यांना डबा झटकन उचलायचा, सायकलला अडकवायचा, लाकडी पाटीत रचायचा असे. कडी नसती तर हे जमलं नसतं. म्हणून डबा निवडताना तो कुठे मावेल एवढंच नको, कोण उचलणार हेही बघा.