बारा आण्यांचा मसाला

‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण करणाऱ्यानं जग्वार एक्सजे-एस पाहिली नसणार. पण बाराचा आकडा मात्र अचूक सांगितलान्! ही गाडी १९७५ साली इंग्लंडात अवतरली. १९७३ च्या तेलटंचाईनं जग पेट्रोल थेंबाथेंबानं मोजत होतं, आणि हिला बारा सिलिंडर, ५.३ लिटरचं इंजिन! १९८१ मध्ये स्विस इंजिनिअर मायकेल मे यांच्या रचनेनं तिची भूक थोडी मारली. थोडीच.

अशी गाडी जुनी झाली, की किंमत उतरते आणि तिथला एखादा मास्तर ती हौसेनं दारात आणतो. पण मालक बदलला हे सिलिंडरांना कोण सांगणार? प्लग बाराच लागतात. किंमत सेकंडहँड होते, खर्च मात्र कोरा करकरीत राहतो. माझं म्हणणं, अशा गाडीबरोबर पहिल्या धन्याचा पगारही मिळाला पाहिजे.

मास्तरांना हसू नका. पुढे कंपनीच सेकंडहँड झाली! १९८९ साली ती फोर्डनं घेतली, २००८ साली आपल्या मुंबईच्या टाटांनी. घेतली न घेतली तोच जगभर मंदी आली, आणि टाटांनासुद्धा आधी मसाल्याचंच बिल भरावं लागलं.