धातुकशिरांचे द्वितीयक समृद्धीकरण

भूपृष्ठालगतच्या धातुकशिरांवर हवा व झिरपणारे पावसाचे पाणी यांची रासायनिक क्रिया होऊन धातू विरघळणे, खाली उतरणे आणि तेथे पुन्हा साचणे, या प्रक्रियेस द्वितीयक समृद्धीकरण म्हणतात. तिच्यामुळे मूळच्या हलक्या प्रतीच्या शिरेतही समृद्ध पट्टा तयार होतो.

तांब्याच्या शिरांत ही प्रक्रिया ठळकपणे दिसते. पायराइट या लोहयुक्त सल्फाइडाचे ऑक्सिडीभवन होऊन सल्फ्यूरिक अम्ल व फेरिक सल्फेट बनतात. त्यांच्या विद्रावात कॅल्कोपायराइटातील तांबे विरघळते. लोहाची हायड्रॉक्साइडे मात्र वरच राहतात व त्यांची गंजासारखी तांबूस-पिवळी, सच्छिद्र टोपी बनते. तिला गॉसन म्हणतात. तिच्याखालच्या ऑक्सिडीभूत पट्ट्यात हिरवे मॅलॅकाइट, निळे अझुराइट, क्यूप्राइट आणि क्वचित नैसर्गिक तांबे आढळते. भूजलपातळीखाली ऑक्सिजन तुटपुंजा असतो. तेथे उतरलेले तांबे सल्फाइडांतील लोहाची जागा घेते आणि कोव्हेलाइट व कॅल्कोसाइट तयार होतात. कॅल्कोपायराइटात तांबे सु. ३५ टक्के, तर कॅल्कोसाइटात सु. ८० टक्के असते. त्याहून खोल मूळ शीर जशीच्या तशी असते.

सर्व धातू सारखे वागत नाहीत. जस्ताचे सल्फेट सहज विरघळून वाहून जाते. शिशाची अँग्लेसाइट व सेरुसाइट ही खनिजे फारशी विरघळत नसल्याने जागीच राहतात. सोनेही बहुधा वरच मागे उरते. भोवती चुनखडक असल्यास अम्ल उदासीन होते व तांबे खाली पोचण्यापूर्वीच साचते.

गोंदियालगतच्या बालाघाट जिल्ह्यात (मध्य प्रदेश) मलाजखंड येथे क्वॉर्ट्‌झयुक्त तांबे-निक्षेपाच्या वरच्या भागात ऑक्सिडीभूत व समृद्ध असे दोन्ही पट्टे आढळले. तेथे हिंदुस्थान कॉपरची मोठी खाण आहे. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथील मँगॅनीज डाय-ऑक्साइडयुक्त धातुक सुक्या विद्युत् घटांसाठी वापरतात. मँगॅनीज-खनिजांचे पृष्ठभागी ऑक्सिडीभवन होऊन असे धातुक बनते. गोव्यातील पट्टित लोहखडकांतून सिलिका निघून गेल्याने लोहाचे प्रमाण वाढले. मात्र तेथे लोह खाली उतरून साचलेले नाही, ते जागीच उरले आहे. म्हणून त्याला अवशिष्ट समृद्धीकरण म्हणतात.

गॉसन ही खाली सल्फाइडे असण्याची खूण असली, तरी समृद्ध पट्टा मर्यादित जाडीचा असतो. त्यामुळे केवळ वरच्या नमुन्यांवरून शिरेची प्रत ठरवत नाहीत. त्यासाठी मूळ शिरेपर्यंत वेधन करावे लागते.