उकळी आणि उत्सेक

काचेच्या पेल्यात सोडावॉटर ओतले की ते फसफसते; उत्साह ज्याच्या अंगात मावत नाही असा गृहस्थ आला की बैठकही तशीच जागी होते. इंग्रजीने या दोहोंना एकच विशेषण दिले : ‘इफर्व्हेसंट’. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ मात्र उकळणे. 17व्या शतकात हा शब्द इंग्रजीत रुळला. पुढे 1767 मध्ये लीड्स येथे जोसेफ प्रीस्टले याने शेजारच्या बिअरच्या कारखान्यात आंबवणावर साचणारा वायू पाण्यात मिसळला, आणि विस्तवावाचून उकळणारे पाणी माणसाच्या हाती आले. शब्दातला चटका गेला, गुदगुल्या तेवढ्या उरल्या. मग तो माणसांना लावण्यास हरकत कसली?

मराठीचा कल निराळा. आनंदाच्या उकळ्या फुटतात, पण मनातल्या मनात. बाहेर आला की तो ऊत. आणि ‘उतणे’च्या पाठीशी ‘मातणे’ उभेच असते. ज्या घरात दूध उतू गेले की हळहळ होते, तेथे उतणाऱ्या माणसाचे कौतुक कोण करणार? संस्कृतातही ‘उत्सेक’ म्हणजे उसळून वाहणे, आणि म्हणूनच गर्व. ‘अनुत्सेक’ म्हणजे विनय. इंग्रजाची स्तुती शब्दशः मराठीत आणली, तर ती निंदा ठरावयाची. भाषांतरकार बापडे ‘उत्साही’ म्हणून सुटतात. पण त्यात पाणीही नाही आणि विस्तवही नाही.

विस्तवाशी या कल्पनेचे नाते जेथे शाबूत राहिले, तो व्यवसाय पोलादाचा. दुर्ग जिल्ह्यात, भिलाई येथे, 1955 च्या करारानुसार सोव्हिएत साहाय्याने कारखाना उभा राहिला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. रशियन पोलादकारांच्या परिभाषेत पोलाद ‘उकळते’ असते किंवा ‘शांत’. साच्यात थिजताना पोलादातील कार्बन व प्राणवायू यांचा संयोग होऊन वायूचे बुडबुडे उसळतात, ते उकळते. फ्रेंच त्यालाच ‘एफेर्व्हेसां’ म्हणतात. सिलिकन किंवा अ‍ॅल्युमिनियम घालून प्राणवायू बांधून टाकला, की पोलाद निमूट थिजते. इंग्रज कारागीर त्याला ‘मारलेले’ म्हणतो, रशियन ‘शांत’. येथे रशियनाचा कान आपल्या कानाच्या अधिक जवळचा वाटतो.

उकळत्या पोलादाची वरची साल शुद्ध व गुळगुळीत होई, म्हणून पत्र्यांसाठी त्याला मान होता. ज्या रुळांसाठी भिलाईची ख्याती झाली, त्यांना मात्र शांत पोलादच लागते. पुढे साच्यांची जागा अखंड ओतकामाने घेतली, आणि त्या पद्धतीला उसळी चालत नसल्याने उकळते पोलाद जवळजवळ नाहीसे झाले.