काळी मारबत आणि बाकाबाई

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबत निघते हे इथल्या वाचकांना सांगायला नकोच. बाहेरच्यांसाठी सांगतो: गावावरची रोगराई, इडापीडा घेऊन जा, असं ओरडत एका बाईचा भला मोठा पुतळा मिरवत नेतात आणि गावाबाहेर जाळतात. सव्वाशे वर्षांहून जुनी प्रथा आहे. लहानपणी महालात राहत असताना मीही घसा बसेपर्यंत ओरडलोय.

काळी मारबत म्हणजे पूतना, असं कुणी म्हणतात. पण आमच्या आजीचं ठाम मत होतं, "ती बाकाबाई. इंग्रजाला मिळाली होती मेली." नागपुरात बहुतेकांनी हेच ऐकलेलं असतं. मी काही इतिहासकार नाही, पण मध्यंतरी या बाईबद्दल मिळेल ते वाचत सुटलो आणि जरा अस्वस्थ झालो.

बाकाबाई ही दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी. मार्च १८१६ मध्ये रघुजी गेले. गादीवर आला मुलगा परसोजी, पण तो आजारी आणि कारभाराला असमर्थ. मग सत्ता कुणाच्या हाती? एकीकडे बाकाबाई आणि धर्माजी भोसले, दुसरीकडे परसोजीचा चुलतभाऊ आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी धर्माजीला कैद केलं आणि २७ मे १८१६ च्या रात्री, गाजावाजा न करता, इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. वर्षाला साडेसात लाख रुपये फौजेच्या खर्चाचे. रेसिडेंट होता रिचर्ड जेंकिन्स. रघुजींनी जो तह वर्षानुवर्षं टाळला, तो दोन महिन्यांत झाला!

म्हणजे इंग्रजी फौजेला नागपूरचं दार उघडलं ते आप्पासाहेबांनी. पुढे फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी मेला, आप्पासाहेब राजे झाले, आणि नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर त्यांच्या फौजेने इंग्रजांशी झुंज दिली. हरले, पळाले, १८४० मध्ये जोधपूरला वारले. शेवटी लढले म्हणून आपण त्यांना मान देतो, आणि तो द्यायलाच हवा. पण आधीची ती मे महिन्याची रात्र आपल्याला आठवत नाही, बाकाबाई मात्र आठवते.

१८१८ मध्ये रघुजींचा अल्पवयीन नातू गादीवर बसवला आणि राजवाडा बाकाबाईच्या देखरेखीखाली आला. राज्याचा कारभार जेंकिन्सकडे. तिच्याकडे ना फौज ना खजिना. होतं काय? वडीलपणा, नात्यागोत्याचा धाक आणि निरोप. १८५३ च्या डिसेंबरात हा तिसरा रघुजी निपुत्रिक वारला, १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं, वाड्यातले हत्तीघोडे लिलावात गेले. आणि तरीही १८५७ मध्ये म्हाताऱ्या बाकाबाईने आपल्या माणसांना शांत राहायला सांगितलं. तिचा शब्द पाळला गेला. पुढच्याच वर्षी ती वारली. १८६० मध्ये इंग्रजांनी घराण्याच्या दत्तक वारसाला 'देऊरचे राजे बहादूर' हा किताब दिला. राज्य काही परत आलं नाही.

दरबारात बायकांनी पडद्याआडून राजकारण करणं नवं नव्हतं. बिदरला १४६१ मध्ये लहान सुलतानाची आई मखदूमा-ए-जहाँ ही महमूद गवानला बरोबर घेऊन बहमनी राज्य चालवत होती. ते जमलं म्हणून शहाणपण. बाकाबाईसमोर कंपनी होती, म्हणून फितुरी?

तिने बरोबर केलं असं मी म्हणत नाही. त्या वर्षी जे फासावर गेले त्यांच्या घरच्यांना तिची शांतता कशी वाटली असेल, याचा विचार करावाच लागतो. पण घर वाचवायचं की झुंजायचं, हा प्रश्न तिच्यापुढे होता, आणि आपण उत्तरापुरतीच तिला ओळखतो.

गंमत म्हणजे आमची आजीही तशीच. सातबाऱ्यावर तिचं नाव कुठेच नव्हतं, पण दोन भांडलेल्या काकांना एका पंगतीला बसवायचं ते तिनेच. त्यासाठी कुणाकुणापुढे ती किती नमली, ते आम्ही कधी विचारलं नाही.

असो. यंदा मारबत बघायला जाईनच. फक्त ओरडताना बाईचं नाव घेणार नाही.